समासात

वजनकाटा मी माझाच नेते.
त्र्यंबक रोडच्या गतिरोधकांवर डिक्कीत तो
कुणी पाय न ठेवताच काहीबाही मोजत राहतो.

सातपूर, अशोकनगर, बसथांब्यामागची तिसरी गल्ली.
खैरनारांचा वरचा मजला अर्धवट, सळया उघड्या.
पहिल्या भेटीला तुळसा भोये, वय वर्षं नऊ,
काट्यावर चढली ती चपला हातात घट्ट धरून.
खाली ठेव म्हटलं. नाही ठेवल्या.
एकवीस किलो चारशे, चपलांसकट.
मी तसंच लिहिलं.

अर्जात रकाने सव्वीस.
झोप. भूक. लसी. शाळेतली हजेरी.
प्रतिपालकांशी जवळीक: उत्तम, बरी, नाही.
मंदाकिनीताई चहा टाकतात, मी नको म्हणते,
नियमात बसत नाही.
त्या तरीही आणतात, आणि मी पिते.

ओझरच्या पोराचं सांगते.
त्याचे सगळे रकाने उत्तम होते.
तीन महिन्यांत दोन किलो वाढला,
गणितात विसापैकी अठरा,
विचारायच्या आधीच म्हणायचा, "मी मजेत आहे, ताई."
चौथ्या भेटीला गेले तर गादीची घडी,
घडीवर गणवेश, इस्त्री केलेला,
आणि पोरगा नाही.
अकरा दिवसांनी मनमाडच्या फलाटावर सापडला.
का रे, म्हटलं.
तर नखं कुरतडत म्हणाला,
"तिथे काही सांडेल अशी सारखी भीती वाटायची."

सांडण्याला रकाना नव्हता.

तेव्हापासून मी उंबऱ्याशी थोडी रेंगाळते.
लहान जोड कुठे आहे ते बघते,
सगळ्यांच्या चपलांत मिसळलेला,
की दाराबाहेर, टोकं रस्त्याकडे करून.

दुसऱ्या भेटीला तुळसाच्या उशीच्या अभ्र्यातून
पाच पोळ्या निघाल्या. एकीवर बुरशी.
मंदाकिनीताईंचा चेहरा उतरला.
"इथे काय कमी पडतंय हो तिला?"
काही नाही, म्हटलं. ओरडू नका. विचारूही नका.
एक झाकणाचा डबा द्या, उशाशी, तिचा.
त्यांनी स्टीलचा दिला,
भांडी बाजारात नेऊन झाकणावर नाव घालून आणलं.
खैरनार नाही. तुळसा भोये.
हे मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
साहेब म्हणाले, समास कोरा ठेवत जा,
स्कॅनमध्ये येत नाही.

तिसऱ्या भेटीला डब्यात दोन पोळ्या.
चौथ्या भेटीला अर्धी, आणि एक चिंचोका.

आज पाचवी.
गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला,
"नाही खायची मला गिलक्याची भाजी!
रोज रोज तेच काय!"
दार आपटलं. वर सळईवरचा पारवा उडाला.
मंदाकिनीताई पदराला हात पुसत बाहेर, ओशाळलेल्या,
"बघा ना मॅडम, अलीकडे फार उलटून बोलते.
लिहू नका हं. समितीवाले परत नेतील तिला."
आतून पुन्हा, "आणि दही पण नाही ठेवलं!"

चपला? एक उंबऱ्यात पालथी,
दुसरी मोरीपाशी, भिरकावलेली.

मला हसू आवरेना, म्हणून खाली बघत
काटा फरशीवर ठेवला, उगाच दोनदा सरळ केला.
ती आली. नाक लाल, गाल फुगलेले.
चढली, दोन्ही हात मोकळे.
पंचवीस किलो सहाशे.
उतरली ती माझ्याकडे न बघताच
स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडल्याचा आवाज आला,
कुणाला न विचारता.

वर्तन या रकान्यात लिहिलं, समाधानकारक.
मग पेन घेऊन समासात शिरले:
दार आपटते. दही लागतं.
गिलकी आवडत नाहीत.